दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप कसा निवडावा: पुण्याच्या पक्षीनिरीक्षकांना पडणारे प्रश्न

थंडी पडली की पुण्याहून भल्या पहाटे गाड्या उजनी धरणाच्या काठच्या भिगवणकडे निघतात आणि त्याच सुमारास दुर्बिणीबद्दलची आणि स्पॉटिंग स्कोपबद्दलची (ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने बघायची, मोठ्या पॉवरची नळी) विचारणाही वाढते. खालचे प्रश्न तेच, पुन्हा पुन्हा येणारे. उत्तरं कवडीपाट, पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगड व्हॅली, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, भीमाशंकर आणि उजनीचं पाणी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. लडाखला किंवा सुंदरबनला जाणाऱ्यांनी थोडा फरक धरावा.

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

पहिला आकडा पॉवरचा. ८० मीटरवरचा पक्षी साध्या डोळ्यांना १० मीटरवर असल्यासारखा दिसेल. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पॉवर किती मोठं दिसेल ते ठरवते आणि भिंग किती उजेड आत येईल ते.

पण खरा उपयोगाचा आकडा दुर्बिणीवर छापलेला नसतो, तो काढावा लागतो. व्यासाला पॉवरने भागा. ८×४२ मध्ये ५.२५ मिमी येतात, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये जेमतेम २.५. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही जाडी. भर उन्हात आपली बाहुली २ ते ३ मिमीच उघडते, त्यामुळे दुपारी बाराला सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. दुकानात फसगत होते ती इथेच. फरक कळतो तो भीमाशंकरच्या दाट झाडीत किंवा सूर्य मावळल्यावर वेताळ टेकडीवर रातवा शोधताना. तेव्हा बाहुली ५ मिमीपर्यंत उघडलेली असते आणि २.५ मिमीचा झोत तिला पुरत नाही.

मग ८ घेऊ की १०?

एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२. दहापैकी आठ जणांना आम्ही हेच सांगतो. उरलेल्या दोघांना १० चालते, कारण त्यांचं फिरणं माळावर आणि पाणथळीवर असतं आणि हात स्थिर असतो.

कारणं दोन. एक म्हणजे थरथर. पॉवर जितकी जास्त, तितकीच हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. टेकडी चढून धाप लागलेली असताना १० मधून पाहिलं तर माळटिटवी जागेवर नाचतेय असं वाटतं. दुसरं म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी. चांगल्या ८×४२ मधून १००० मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून ११०च्या आसपास. काही कंपन्या ही रुंदी अंशांत देतात. १ अंश म्हणजे १००० मीटरवर साडेसतरा मीटर, असा हिशोब करा. सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक या फांदीवरून त्या फांदीवर जातो तेव्हा हे वीस-पंचवीस मीटर कामाला येतात. पक्षी वर्तुळात सापडलाच नाही तर तो किती मोठा दिसला असता याला अर्थ नाही.

८×३२ हलकी पडते. पाठ दुखणाऱ्यांनी आणि रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. घरी राहिलेल्या ८×४२ पेक्षा गळ्यात असलेली ८×३२ बरी.

बाजारात ९०×९० किंवा १०-३०×५० मिळते. तीही स्वस्तात. ती का नको?

हातात धरायच्या दुर्बिणीला १०, फार तर १२ ही मर्यादा आहे. ती कंपनीने घातलेली नाही, आपल्या हातांनी घातलेली आहे. ९०×९० असं छापलेल्या दुर्बिणीला ९० मिमीचं भिंग नसतं, पट्टी लावून पाहा. आकडे नुसतेच छापलेले असतात.

झूमच्या दुर्बिणीची अडचण वेगळी. दोन्ही नळ्यांमधली भिंगं झूम करताना अगदी सारखी सरकायला हवीत. ती जरा मागेपुढे झाली तरी दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रं मिळतात आणि डोकं धरतं. शिवाय वर्तुळ अरुंद, उजेड कमी. भिंगांवर लालभडक लेप असलेल्या 'रूबी' दुर्बिणीही टाळा. त्या लाल उजेड परत फेकतात, म्हणून समोरचं सगळं हिरवट दिसतं. तांबटाच्या कपाळावरचा लाल ठिपका हीच ज्याची ओळख, तिथे लाल रंगच मारून कसं चालेल?

पोरो आणि रूफ यांत चांगलं कोणतं?

पोरो म्हणजे जुन्या वळणाची, खांद्यात रुंद असलेली. रूफ म्हणजे दोन सरळ नळ्यांची. आत प्रिझमची मांडणी वेगळी असते, इतकंच.

रूफ सडपातळ असते आणि पाणी रोखायला सोपी, कारण तिचा फोकस आतल्या आत सरकतो. पण चित्र स्पष्ट यायचं तर तिच्या प्रिझमवर फेज कोटिंग (प्रकाशलहरींचा ताळ बिघडू न देणारा लेप) लागतं आणि एका पृष्ठभागावर आरशाचा लेपही. तो लेप ॲल्युमिनियमचा असेल तर तिथेच दहा टक्क्यांच्या आसपास उजेड गळतो, चांदीचा असेल तर त्याहून कमी, आणि डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी अनेक पातळ थरांचा) असेल तर जवळजवळ नाहीच. हे सगळं करायला पैसे पडतात. पोरोला यातलं काहीच लागत नाही.

म्हणून आमचं मत असं: बजेट १० हजारांच्या आत असेल तर ८×४० ची साधी पोरो घ्या, त्याच किमतीच्या रूफपेक्षा चित्र बहुतेक वेळा चांगलं मिळतं. मात्र पोरोच्या नेत्रिका (डोळ्याला लावायची भिंगं) फोकस करताना बाहेर-आत सरकतात, त्या वाटेने धूळ आणि दमट हवा शिरते. पावसाळ्यात जपावं लागतं.

फुली मल्टिकोटेड, बॅक-४, ईडी, नायट्रोजन… यातलं काय बघायचं?

'फुली मल्टिकोटेड' हवंच. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत जातो, आणि दुर्बिणीच्या एकेका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. नुसतं 'कोटेड' किंवा 'मल्टिकोटेड' लिहिलं असेल तर काही पृष्ठभागांना लेप नाही किंवा एकच थर आहे असं समजा. 'फुली' हा शब्द विनाकारण वगळलेला नसतो.

बॅक-४ ही प्रिझमची काच. पोरो दुर्बिणीत तिच्याऐवजी हलक्या प्रतीची बीके-७ असेल तर वर्तुळाच्या कडा करड्या पडतात; ते कसं ओळखायचं ते पुढे दिलं आहे.

ईडी काच रंगांची झालर कमी करते. पांढऱ्या आकाशासमोरच्या घारीच्या पंखाला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते, ती झालर. ८ च्या दुर्बिणीत ईडी नसली तरी भागतं, स्कोपमध्ये मात्र ती असावी. ४० पॉवरला झालर इतकी वाढते की पिसांवरची बारीक रेघ तिच्यात बुडून जाते.

नायट्रोजन भरलेली, रबरी ओ-रिंगने बंद केलेली दुर्बीण आतून धुकत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बघता हा खर्च वसूल होतो. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे शिंतोड्यापुरती. 'वॉटरप्रूफ' असेल तर किती खोल, किती वेळ ते वाचा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.

मला चष्मा आहे. काढून बघू का?

फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढला तरी चालतो, फोकस ते सांभाळून घेतो. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवावा लागेल, कारण तो दोष दुर्बीण सुधारत नाही. शिवाय दर वेळी चष्मा कपाळावर चढवेपर्यंत पक्षी थांबत नाही.

चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसायचं तर 'आय रिलीफ' (नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं ते अंतर) किमान १५-१६ मिमी हवा, जाड फ्रेम असेल तर १८. आय कप (नेत्रिकेभोवतीची रबरी कडी) पूर्ण आत फिरवून पाहा. तरीही कडा कापलेल्या दिसल्या तर ती दुर्बीण तुमची नव्हे, मग किंमत काहीही असो. कंपनीने छापलेला आकडा भिंगापासून मोजलेला असतो आणि भिंग कपाच्या आत खोल बसलेलं असतं, म्हणून कागदावरचे १६ मिमी हातात आल्यावर १३ होऊ शकतात.

दुकानात नेमकं काय तपासू?

आधी दुकानाबाहेर या. काउंटरपासून समोरच्या भिंतीपर्यंत बघून काही कळत नाही. रस्त्यापलीकडची पाटी, विजेच्या तारा आणि थोडं आकाश हवं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

पहिली तपासणी झोताची. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा (सूर्याकडे कधीच नाही). नेत्रिकांमध्ये दोन प्रकाशाचे ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. कडा करड्या आणि ठिपका चौकोनाकडे झुकलेला दिसला तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची किंवा प्रिझम लहान आहे. आता ठिपक्याला पट्टी लावा. ठिपक्याचा व्यास गुणिले पॉवर म्हणजे खरोखर वापरात असलेलं भिंग. १०×५० म्हणून विकलेल्या दुर्बिणीत ठिपका ५ ऐवजी ३.५ मिमी भरला तर आतल्या कडीने भिंग अडवलं आहे आणि तुम्ही १०×३५ चे पैसे ५० च्या भावाने देताय.

दुसरी, दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ती. समोरच्या इमारतीच्या स्लॅबची आडवी रेघ पकडा आणि बघता बघता दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून १०-१५ सेंटिमीटर मागे न्या. दोन्ही वर्तुळांत रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर, दुसरीत खाली गेली तर ठेवून द्या. आडवा थोडासा फरक डोळे आत वळवून भागवून घेतात, पण एक डोळा वर आणि एक खाली करणं त्यांना जमत नाही. दुर्बिणीने डोकं दुखतं याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि पडलेली दुर्बीण हमखास इथेच बिघडते.

तिसरी पाटीची. अक्षरं मधोमध स्पष्ट करा, मग दुर्बीण हलवून ती कडेला न्या. कडेला थोडी मऊ पडतील, ते चालतं. वर्तुळाच्या निम्म्यातच विरघळली तर नको. मग आकाशासमोरच्या तारेवर रंगांची झालर बघा.

शेवटी हाताला काय लागतं ते. फोकसचं चाक उलट फिरवताना मध्ये रिकामं फिरतं का? मधली बिजागरी इतकी सैल आहे का की एक नळी धरली तर दुसरी आपोआप मिटते? आय कप दाबला की आत जातो का? ही दुखणी वर्षभरात वाढतातच. आणि जमिनीवरची फरशी पाहून सर्वांत जवळचा फोकस मोजा. फुलपाखरं बघणार असाल तर २ मीटरच्या आसपास हवा.

महाग दुर्बीण घेतली, तरी एका डोळ्याला धूसर दिसतं. बदलून घेऊ?

आधी डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भागवणारी कडी) लावलाय का ते सांगा. वर्षानुवर्षं दुर्बीण वापरणाऱ्यांनाही ही कडी माहीत नसते.

नळ्या उघडमीट करून दोन वर्तुळांचं एक होऊ द्या. चष्मा नसेल तर आय कप बाहेर, असेल तर आत. आता ५० मीटरवरची एखादी पाटी धरा. उजव्या भिंगापुढे तळहात ठेवा; डोळा मिटू नका, मिटल्याने दुसराही आखडतो. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं लख्ख करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या नेत्रिकेजवळची कडी फिरवून उजव्या डोळ्याला लख्ख करा. काही दुर्बिणींत ही कडी मधल्या चाकातच असते. सगळं पुन्हा एकदा करा आणि कडी कुठे थांबली ती खूण लक्षात ठेवा. दुर्बीण मित्राच्या हातात जाऊन आली की ती खूण हललेली असते.

दुर्बीण आहे. स्पॉटिंग स्कोप लागतोच का?

टेकडीवर, जंगलात, सिंहगड व्हॅलीत नाही. पाण्यावर आणि माळावर, हो.

भिगवणला किनाऱ्यावरून रोहित दुर्बिणीने ओळखता येतात, ते सव्वा-दीड मीटर उंच आहेत. पण थव्यातला छोटा रोहित वेगळा काढायचा तर चोच दिसायला हवी: मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी, छोट्याची गडद. त्यापुढचं अवघड काम म्हणजे चिखलातले टिलवे. जेमतेम १३-१४ सेंटिमीटरचा पक्षी, आणि छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा हे पायांच्या रंगावर ठरतं, काळे की पिवळट. तीनशे मीटरवरून ते दुर्बिणीत दिसणार नाही. पट्टकादंबाच्या गळ्यात किंवा पायात खुणेचा पट्टा असेल तर त्यावरची अक्षरंही स्कोपनेच वाचता येतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. होडीत स्कोपचा उपयोग शून्य. कुंभारगावला होडीने जाणार असाल तर स्कोप गाडीत ठेवा आणि ८ ची दुर्बीण न्या. १० सुद्धा हलत्या होडीत नकोशी होते.

स्कोप ६० मिमीचा की ८०? सरळ की वाकलेला?

२०-६०×८० मध्ये २० पॉवरला झोत ४ मिमी असतो आणि ६० ला १.३. ६० मिमीच्या स्कोपमध्ये तोच ६० ला १ मिमी उरतो. ढगाळ सकाळी त्यातून चित्र अंधारं आणि मऊ दिसतं. गाडीपासून फारसं लांब जायचं नसेल तर ८०. पाठीवर घेऊन चालायचं असेल तर ६० किंवा ६५, आणि ४० च्या वर जायचा आग्रह सोडा.

वाकलेला घ्या. चार जण आळीपाळीने बघताना उंचीचा घोळ होत नाही, ट्रायपॉड खाली ठेवता येतो आणि ठेंगणा ट्रायपॉड कमी हलतो. आकाशातली घार बघताना मानही मोडत नाही. सरळ स्कोपचे फायदे दोनच, नेम पटकन लागतो आणि गाडीच्या खिडकीतून बघणं सोपं जातं.

६० पॉवरला सगळं उकळतंय असं दिसतं. स्कोप खराब आहे?

नाही. हवा खराब आहे.

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढू लागते आणि गरम-थंड हवेच्या थरांतून येताना उजेड वेडावाकडा वळतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे पाणी चमकल्यासारखं दिसतं, तोच हा प्रकार. स्कोप पक्ष्याबरोबर ही थरथरही तितकीच मोठी करतो. २० ला जी नजरेआड होते, ती ६० ला चित्र गिळून टाकते. दोन लाखांचा स्कोपही यातून सुटत नाही. हिवाळ्यात भिगवणला दहा-साडेदहानंतर लांबचं बघणं बहुतेक वेळा संपतंच. सासवड-सुप्याच्या माळावर त्याच्याही आधी.

उपाय आहेत. उजाडताच पोहोचा, पुण्याहून साधारण १०० किलोमीटर आहे, म्हणजे निघायचं अंधारातच. सूर्य पाठीशी येईल असा किनारा निवडा. शक्य तितकं उंचावर उभं राहा, कारण जमिनीपासून दोन-चार मीटर वर हवा बरीच शांत असते. बांधावर चढलात तरी फरक पडतो. पॉवर २५-३० वर आणा. आणि नेत्रिकेला डोळा लावून थांबा. मधेच अर्धा सेकंद हवा स्थिरावते, तेवढ्यात पायांचा रंग दिसून जातो.

दोन चुका आपणच करतो. एसी चालू ठेवून गाडीच्या खिडकीतून स्कोपने बघायचं: आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते आणि चित्र तिथेच बिघडतं. इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या, बॉनेटवरून नजर जाणार नाही अशी गाडी उभी करा. दुसरी, गाडीतून काढल्या काढल्या स्कोपला दोष देणं. त्याला बाहेरच्या हवेचं तापमान घ्यायला १५-२० मिनिटं लागतात.

नदीवरच्या धुक्याला मात्र इलाज नाही. कवडीपाटला जानेवारीत ते उठेपर्यंत चहा घ्या.

साधा फोटोचा ट्रायपॉड चालेल ना?

लग्नाचे फोटो काढायचा, पोकळ पायांचा, मधून बांबूसारखा उंच होणारा? नाही. ८० मिमीचा स्कोप दीड ते दोन किलोचा असतो. तो या ट्रायपॉडवर ठेवून बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिरावायला किती सेकंद लागतात ते मोजा. एका सेकंदाच्या वर लागले तर उजनीच्या वाऱ्यात तो निरुपयोगी आहे.

मधला दांडा वर काढू नका, त्याऐवजी पाय लांबवा, तेही जाड भाग आधी. दांड्याच्या खालच्या आकड्याला सॅक टांगा, पण ती जमिनीला जेमतेम टेकलेली ठेवा. हवेत लोंबकळली तर वाऱ्याने तीच झोके घेते. वर, स्कोप बसवायच्या जागी, सगळीकडे वळणारं बॉल हेड नको, संथ सरकणारं व्हिडिओचं फ्लुइड हेड हवं. उडत्या चक्रवाकांमागे स्कोप सरळ सरकला पाहिजे, कलंडला नाही पाहिजे. स्कोपच्या खालचा स्क्रू बहुधा पाव इंची असतो, तो घट्ट बसलाय ना हे निघण्याआधी बघा. सैल स्क्रू आणि हलणारी प्लेट हे 'स्कोप स्पष्ट नाही' या तक्रारीमागचं नेहमीचं कारण.

स्कोपसाठी जितके पैसे काढून ठेवलेत त्यातला चौथा हिस्सा ट्रायपॉड आणि हेडला द्या. चांगल्या ट्रायपॉडवरचा मध्यम स्कोप वाईट ट्रायपॉडवरच्या उत्तम स्कोपपेक्षा जास्त दाखवतो.

रायफलवरचा स्कोप घरात पडून आहे. त्याने पक्षी बघता येतील?

बघता येतील, पण त्रासाने. रायफलचा धक्का डोळ्याला लागू नये म्हणून तो डोळ्यापासून ८ ते १० सेंटिमीटर लांब धरायचा असतो. हातात धरून तेवढं अंतर आणि रेष सांभाळणं कठीण. जरा हललं की सगळं काळं. वर्तुळही अरुंद: १२ पॉवरला १०० मीटरवर तीनेक मीटरचा पट्टा, जिथे १० ची दुर्बीण अकरा मीटर दाखवते. मधे नेमाची फुली असते. बरेच स्कोप शंभरेक मीटर अंतरालाच जुळवलेले असतात आणि त्यांना फोकसचं चाक नसतं, म्हणून समोरच्या झाडावरचा पक्षी धूसर दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. अभयारण्याच्या वेशीवर असा स्कोप सॅकमधून निघाला तर वनरक्षक प्रश्न विचारणारच, आणि विचारलेच पाहिजेत. घरीच ठेवा.

६०० मिमीची लेन्स आहे. दुर्बीण कशाला?

६०० मिमी म्हणजे ५० मिमीच्या साध्या लेन्सच्या तुलनेत १२ पट, म्हणजे पॉवर आहेच. पण कॅमेरा दोन किलोच्या वर जातो, बघायचं एका डोळ्याने, आणि वर्तुळ अरुंद. कॅमेऱ्याने आधी दिसलेला पक्षी टिपता येतो; शोधायचा दुर्बिणीनेच. दोन्ही डोळे उघडे असताना झाडीतली खोली कळते, पान पुढे की पक्षी पुढे ते कळतं.

स्कोपला मोबाइल लावला की चित्राभोवती काळं कडं येतं.

मोबाइलची मुख्य लेन्स वापरा, रुंद कोनाची नको. ॲडॉप्टर असा जुळवा की लेन्स नेत्रिकेच्या बरोबर मधोमध येईल. दोन मिलिमीटर सरकली तरी अर्धं चित्र काळं पडतं. आय कप वर-खाली करून अंतर बघा. उरलेलं कडं मोबाइलमध्ये दुप्पट झूम केलं की जातं. स्कोप २० ते ३० च्या दरम्यान ठेवा, त्यापुढे उजेड पुरत नाही. दोन-तीन लेन्सच्या मोबाइलमध्ये तो स्वतःहून लेन्स बदलतो आणि एकदम पडदा काळा होतो. 'प्रो' मोडमध्ये लेन्स पक्की करा. शटर २ सेकंदांच्या टायमरवर. आणि शक्यतो व्हिडिओ घ्या, त्यातली चांगली चौकट नंतर काढता येते.

पावसाळ्यात भिंगावर जाळं धरलं. पुसून जाईल?

ती बुरशी आहे. बाहेरच्या काचेवर असेल आणि कोवळी असेल तर लेन्सच्या द्रावाने निघते. आत असेल तर दुर्बीण उघडणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्या, कारण उघडल्यावर दोन्ही नळ्या पुन्हा एका रेषेत जुळवाव्या लागतात. जास्त दिवस राहिली तर ती लेप खाते आणि मग पुसूनही डाग राहतो.

बुरशीला दमट हवा, अंधार आणि बसून राहिलेली वस्तू आवडते. म्हणजे कपाटातली चामड्याची पेटी. त्या पेटीतून दुर्बीण आधी बाहेर काढा. रबरी कडीचा हवाबंद डबा घ्या, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. सिलिका जेलचा रंग बदलला (निळ्याचा गुलाबी किंवा नारिंगीचा हिरवा) की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास तापवा, पूर्ण गार झाल्यावर परत डब्यात. ओली दुर्बीण थेट डब्यात घालू नका. आधी पंख्याखाली रात्रभर वाळवा. तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको, पीठ आत जातं. आणि पावसाळ्यातही आठवड्याला एकदा बाहेर काढून वापरा.

भिंग कसं पुसायचं?

शर्टाच्या टोकाने किंवा ओढणीने नाही. माळावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते लेपावर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश. तरीही बोटाचा डाग असेल तर लेन्सच्या द्रावाचा एक थेंब कापडावर, भिंगावर नव्हे, आणि मधून बाहेर गोल फिरवत पुसा. महिन्यातून एकदा पुरे. थोड्या धुळीने चित्राला काही होत नाही, रोजच्या पुसण्याने होतं.

जुनी, वापरलेली दुर्बीण घ्यावी का?

वर दिलेली स्लॅबच्या रेघेची तपासणी पास झाली तरच. त्यानंतर पुढच्या भिंगातून, उलट बाजूने, मोबाइलचा टॉर्च टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर तेल किंवा वाफ. हलवून कानाशी धरा. आत काही खुळखुळलं तर प्रिझम सुटलेलं असू शकतं.

आठ वर्षांच्या मुलीसाठी कोणती?

खेळण्यातली नको, तिच्यातून काहीच न दिसल्याने छंद तिथेच संपतो. ६×३० किंवा ८×३० च्या आसपासची हलकी दुर्बीण घ्या, आणि नळ्या किती जवळ येतात ते पाहा. बऱ्याच दुर्बिणी ५६ मिमीला अडतात, लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. घेताना मुलीला सोबत न्या आणि एकच वर्तुळ दिसतंय का ते तिलाच विचारा. पट्टा आखूड करा, नाहीतर दुर्बीण पोटावर आपटत राहते. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, क्षणभरही नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा. आणि सुरुवात भिगवणने करू नका. घराच्या गच्चीवरून समोरच्या तारेवरचा वेडा राघू किंवा कोतवाल दाखवा. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, म्हणून तिला सापडतो.